लोणच्याच्या बरण्यांतला समुद्र

९ मे १९३६, शनिवार. भोर

आज दुपारी चार वाजता समुद्र आला.

हिर्डोशीच्या सोनबाने आणि त्याच्या तीन गड्यांनी तो महाडाहून वरंध घाटाने कावडींवर वाहून आणला. आठ बरण्या. मोटारीच्या हादऱ्याने बरण्या फुटल्या असत्या, आणि पत्र्याचा डबा खाऱ्या पाण्याने गंजतो. म्हणून आळीतल्या बायकांच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या मागून घेतल्या होत्या. ऐन कैरीच्या दिवसांत. शास्त्रासाठी भोरच्या स्त्रियांनी याहून मोठा त्याग केल्याचे ऐकिवात नाही.

सोनबा ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मास्तर, समिंदर लई जड हाय बगा. पान्यापरीस जड."

हे बरोबर आहे. हे वाक्य शिकवायला मला वर्गात तीन तास लागतात.

"वाटंत लोकं इचारत्यात, कुटल्या देवाची कावड? म्या म्हनलं, द्येव न्हाई, समिंदर हाय. तर पाया पडाय लागली. येका म्हातारीनं तर बरनीलाच मिठी मारली."

मी त्याला समुद्र म्हणजे क्षार विरघळलेले पाणी, हे थोडक्यात समजावले. "व्हय की," तो म्हणाला आणि जाताना बरणीला हात लावून कपाळाला लावला.

काचपेटी ओसरीवर आहे. लोखंडी चौकट, चारी बाजूंना पुण्याची जाड काच, तळाला वाळू आणि दगड. सोनबाने वेगळ्या मडक्यातून आणलेले जीव: चार बोय मासे, शंखात राहणारा एक खेकडा, सहा गोगलगायी. समुद्रसपाटीपासून एकोणीसशे फुटांवर सागरी जीव पावसाळाभर जगवता येतात का, हा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न आनंद मेहेंदळे. आम्ही एका बाकावर बसून बी.ए. झालो. तो पुण्यात प्राध्यापक आहे, मी इथे मास्तर. त्याने कळवले आहे: "भोरात समुद्र? तुझी विनोदबुद्धी शाबूत आहे हे वाचून बरे वाटले. १३ सप्टेंबरला येतो. तोवर काही जिवंत असेल तर तुला आमच्या सभागृहात निबंध वाचायला बोलावीन." त्या सभागृहात मी वीस वर्षांत पाऊल टाकलेले नाही.

मी हे ज्ञानासाठी करतो आहे की आनंदसाठी? प्रामाणिकपणे: साठ टक्के ज्ञान. (रात्री पुन्हा विचार केला. पंचेचाळीस.)

सौदामिनी पेटीपुढे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "थोडासा घरी आणलात. उरलेला बघायला कधी न्यायचं?"

लग्न झाल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षे, तिला समुद्र दाखवायचा आहे. मी म्हणालो, "सुट्टीत बघू."

"सुट्टीच चालू आहे," ती म्हणाली.

१२ मे

बरण्या परत केल्या. शेजारच्या अंबूकाकूंना म्हणालो, कामाला येणाऱ्या ठकुबाईकडून स्वच्छ धुऊन पाठवतो. "धुऊ नका!" असे इतक्या जोरात म्हणाल्या की मी दचकलो. रिकाम्या बरणीच्या तळाशी घोटभर पाणी उरले होते. ते त्यांनी पदराखाली झाकून नेले.

लोणच्याला मीठ लागतेच. काटकसरी बाई.

२३ जून

पावसाने घाट धरला. महाडची खाडी आता गोड झाली असणार, गलबते बंद. पेटीत आहे तेवढाच समुद्र दसऱ्यापर्यंत पुरवायचा. उडून जाईल तेवढे विहिरीचे पाणी घालायचे, थेंबही अधिक नाही. खारेपणा मोजायला दूधवाल्यासाठी घेतलेला लॅक्टोमीटर वापरतो. समुद्राच्या पाण्यात तो शहाण्यासारखा वर राहतो. दुधात इतका वर कधीच राहिला नाही.

पाण्यात हवा जावी म्हणून सायकलचा पंप आणि रबरी नळी. सकाळी दीडशे, संध्याकाळी दीडशे. मी शाळेत असतो तेव्हा बाराला आणि तीनला सौदामिनी पंप मारते. माशांना घालायचा जवळा ठकुबाई बाजारातून आणते, तिच्याच घरी कुटते आणि पुडी मागच्या दाराशी ठेवते, कारण आमच्या स्वयंपाकघराला तो वास चालत नाही. प्रयोग माझा आहे.

५ जुलै

काचेचा प्रश्न गंभीर आहे. तिसऱ्या दिवशी काचेवर हिरवी साय धरते, पाचव्या दिवशी मासे म्हणजे नुसत्या सावल्या. वर्गात छडी वापरणे मी तत्त्व म्हणून सोडले आहे. त्या छडीच्या टोकाला गोणपाट बांधून काच घासतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. छडीचे आयुष्यातले हे पहिले विधायक काम.

आज मनात आले, मी फक्त समोरची काच घासतो, म्हणजे पाहुण्यांना दिसते ती. हा दांभिकपणा नव्हे काय? लगेच चारी काचा घासल्या. पाठ धरली.

सौदामिनी म्हणाली, "अहो, ते हिरवं मासे खातात. दुपारी मी बघते ना, टोचून टोचून खातात. मागचं राहू द्या की."

निरीक्षणाची सवय नसलेल्या माणसाला असे भास होतात. तिने थोरल्या माशाला नाव ठेवले आहे: हेडमास्तर. "काचेपाशी येतो, तोंड उघडतो, मिटतो, बोलत काही नाही." प्रयोगातल्या जीवांना नावे ठेवू नयेत, हे तिला सांगितले. हेडमास्तर आज उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

४ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. शाळेतून आलो तो ओसरी ओली. पेटी गळते असे वाटून सांध्यांतली लांबी कंदील धरून तपासली. गळती नाही. ठकुबाई फरशी पुसत होती. म्हणाली, "समद्या जनी न्हाऊन ग्येल्या, मंग म्या—" तेवढ्यात सौदामिनीने तिला आत बोलावले.

अंबूकाकूंची विहीर आटली असावी, म्हणून बायका आमच्याकडे अंघोळीला येतात. ऐन श्रावणात विहीर कशी आटते, याची चौकशी केली पाहिजे.

पेटीत खोबऱ्याचा बारीक तुकडा तरंगत होता. उंदीर.

९ ऑगस्ट

मोठी बातमी. काच सहा दिवस स्वच्छ आहे! गोणपाट टाकून मी घोसाळ्याची वाळलेली जाळी वापरायला सुरुवात केली, आणि पहिल्याच घासणीनंतर हिरवे परत आले नाही. घोसाळ्याच्या तंतूंत शेवाळाचे बीजच मारणारे काही असावे. आपण ज्याची भजी करतो त्या वेलीने हे करावे! आनंदला चार पाने लिहिली.

मग स्वतःला विचारले: तुलनेसाठी एक काच न घासता सोडली होती का? नाही. सोडायला हवी होती का? हो. पत्र टपालात पडल्यावर हे सुचले.

१७ ऑगस्ट, सोमवार

सोमवती अमावास्या, वर पोळा. शाळेला सुट्टी, पण सौदामिनीने मला सकाळी सकाळी बाजारात पिटाळले, आणि मग पुन्हा, विसरलेल्या हळदीसाठी. परतलो तेव्हा आमच्या दारातून आळीतल्या आठ-दहा बायका बाहेर पडत होत्या. सगळ्यांचे केस ओले, सगळ्यांचे चेहरे प्रसन्न. अंबूकाकू मला म्हणाल्या, "मास्तर, पुण्य लागेल हो तुम्हाला."

"कशाचं?"

"बरण्यांचं!" मागून नलू म्हणाली, आणि सगळ्या खिदळत निघून गेल्या. ही नलू सातवी पास आहे. तिच्याकडून अधिक अपेक्षा होती.

समोरच्या काचेच्या वरच्या कडेला पाण्याच्या रेषेवर पिवळा आणि तांबडा थर दिसला. सूक्ष्म वनस्पतींची एखादी नवी जात असू शकेल. खरवडून कागदात घेतला. आनंदला दाखवायचा.

लॅक्टोमीटर दोन रेघा खाली गेला आहे.

२६ ऑगस्ट

अधिक महिना चालू. बायकांची स्नाने, दाने, वाणे. आमच्या ओसरीवर रोज सकाळी मी फिरून येईपर्यंत काहीतरी होऊन गेलेले असते. उदबत्तीचा वास आणि ओली पावले तेवढी उरतात. मी धर्मभोळा नाही, पण सौदामिनीच्या आड येत नाही. पतीने किती उदार असावे याला मर्यादा आहे, मी ती अजून गाठलेली नाही.

काच अजून स्वच्छ. तेवीस दिवस! तरी मी रोज घासतो. घासायला काही नसते. घासण्याची सवय सुटू नये.

गोगलगायी तळाशी विसावल्या आहेत. हलत नाहीत. खेकडा शंखातून अर्धा बाहेर आला आहे. वाढ होत असल्याने नवे घर शोधत असावा. दगडामागे वाळूला निळसर हिरवा डाग पडला आहे. काचेवर न वाढणारे शेवाळ वाळूत का वाढावे? प्रश्न नोंदवून ठेवतो.

२ सप्टेंबर

लॅक्टोमीटर आणखी खाली. दूधवाल्याकडून पाण्याची अपेक्षा असते, समुद्राकडून नव्हती. यंत्र बिघडले म्हणावे तर दुधात ते नेहमीचेच सांगते. भोरच्या हवेत क्षार उडून जातात काय? तसे असेल तर निबंधाचा तो दुसरा भाग होईल.

खेकडा नवे घर न शोधताच मेला. गोगलगायींचा वास येतो. काढून टाकल्या.

रात्री सौदामिनी पेटीपुढे बसली होती. "हेडमास्तर जेवत नाही," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. बाकीचे तिघं एका कोपऱ्यात. पाणी बदलायला हवं."

"पाणी कुठून आणू? आता नवं पाणी दसऱ्यानंतरच."

तिने काचेवर बोट टेकवले. मग म्हणाली, "सगळं माझ्यामुळे तर नसेल?"

मी तिला समजावले की प्रयोगात दोष स्वतःकडे घेणे हा अहंकाराचाच एक प्रकार आहे. पंप ती नियमित मारते, आणखी तिचा काय संबंध? तिचे समाधान झालेले दिसले नाही.

१० सप्टेंबर

तीन बोय मेले. राहिला हेडमास्तर. तिरका पोहतो.

दुसरा एखादा मासा नीरेतून आणून पेटीत सोडावा, आनंदला काय कळणार, असा विचार दुपारी मनात आला. सुमारे दहा मिनिटे टिकला. तो आला होता हे इथे लिहून ठेवतो. नदीचा मासा खाऱ्या पाण्यात जगणार नाही, या कारणाने तो सोडला. तो खोटेपणा आहे हे कारण मागाहून सुचले. हेही लिहून ठेवतो.

१३ सप्टेंबर, रविवार

आनंद सकाळच्या मोटारीने आला. पोट सुटले आहे. मला ते पाहून झालेला आनंद अशोभनीय होता.

पेटीपुढे उभा राहिला. हेडमास्तर तळाशी आडवा, कल्ले हलत होते. मी खारेपणाचा तक्ता काढला, काचेची हकीकत सांगितली, घोसाळ्याची जाळी हातात दिली, पिवळ्या-तांबड्या वनस्पतीची पुडी उघडली. त्याने बोटावर घेऊन वास घेतला.

"ही जात मला ओळखता येते," तो म्हणाला. "आमच्या घरी देव्हाऱ्यात वाढते. हळद आणि कुंकू."

मग त्याने बाही वर केली, पेटीत हात घातला आणि दगडामागच्या निळसर डागात बोटे खुपसली. मूठ बाहेर आली तेव्हा तिच्यात शिवराया होत्या. देव्हाऱ्यातल्या त्या जुन्या तांब्याच्या, हिरव्या पडलेल्या. दुसऱ्या मुठीत आणखी.

"नाणीही पाण्यात ठेवतोस?" तो म्हणाला. "अरे, हे तांबं. शेवाळ मारायला तांब्याचाच क्षार वापरतात. शेवाळ मेलं, मग गोगलगायी, मग मासे. तुझं घोसाळं बिचारं निष्पाप आहे. पण काच मात्र अप्रतिम ठेवली आहेस हं. इतकी स्वच्छ काच मी मुंबईतही पाहिली नाही."

दारात सौदामिनी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. म्हणाली, "एक माझी. बाकीच्या, ज्यांच्या बरण्या होत्या त्यांच्या."

आनंद हसला. खूप हसला. मी हसलो की नाही ते आठवत नाही. निबंधाचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. दुपारच्या मोटारीने तो गेला.

नंतर मी विचारले, "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला कुठं विचारलंत? तुम्ही लॅक्टोमीटरला विचारत होतात."

मग तिने सगळे सांगितले. नारळी पौर्णिमेला अंबूकाकू म्हणाल्या, जन्मात समुद्रस्नान घडलं नाही, दोन पळ्या दे. दिल्या. नदीत टाकतात तशी त्यांनी एक शिवराई टाकली, तशी मग सगळ्यांनी. सोमवतीला प्रत्येकीच्या डोक्यावर वाटीभर. अधिक महिन्यात रोज पेलाभर, अंघोळीच्या घंगाळात. जेवढे काढले तेवढे विहिरीचे पाणी परत ओतले, "तुमचा समुद्र उणा पडू नये म्हणून."

"म्हणजे तुम्ही इथं ओसरीवर समुद्रस्नान करत होता?"

"मग कुठं करायचं? तुमच्या सुट्टीत?"

मी शिवराया मोजू लागलो. ती पुढे म्हणाली, "पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते तेव्हा वाटलं, जमीन दुभंगावी. तुमच्या सभागृहात तुम्ही जायला हवे होतात. हेडमास्तरला मी मारलं. ते माझ्याकडे. पण दोन पळ्या पाणी डोक्यावर घेतलं त्याचा पश्चात्ताप मागू नका, तो नाही माझ्याकडे."

१४ सप्टेंबर

हेडमास्तर पहाटे गेला. सौदामिनीने त्याला परसात पुरले. मी म्हणालो, बाटलीत घालून शाळेच्या कपाटात ठेवला असता. तिने माझ्याकडे पाहिले. मी खड्ड्यावर माती लोटली.

पेटीतले पाणी टाकायचे, तर अंबूकाकू हजर. घागर घेऊन. मागे आळी. "टाकताय कशाला?" मी म्हणालो, हे आता धड समुद्रही नाही, अर्धे विहिरीचे आहे, तांब्याने नासलेले आहे, मासे मेलेले आहेत.

"समुद्रात मासे मरत नाहीत होय?" अंबूकाकू म्हणाल्या.

पिऊ नका, एवढे तरी कबूल करून घेतले. अमावास्येच्या स्नानाची सर्वांची सोय झाली.

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सौदामिनी म्हणाली, "कार्तिकी पौर्णिमेला आम्ही हरिहरेश्वरी जाणार. अंबूकाकू, नलू, ठकुबाई आणि मी. सोनबा महाडपर्यंत आणि तिथून गलबतावर बसवून देईपर्यंत बरोबर आहे. बरणीला मिठी मारलेली ती हिर्डोशीची म्हातारीही यायची म्हणते."

मी म्हणालो, "मी नेणारच होतो."

"हो ना," ती म्हणाली.

येतो, असे म्हणायला हवे होते. सहामाहीच्या उत्तरपत्रिका पडल्या आहेत. त्या खरोखरच पडल्या आहेत. पण त्या मोटारीतही तपासता आल्या असत्या, हे मला ठाऊक आहे, आणि आता या वहीलाही.

२४ नोव्हेंबर

त्या गेल्या. मी तिच्याबरोबर दोन बरण्या दिल्या, पाणी भरून आणायला, आणि लॅक्टोमीटर. कसा बुडवायचा, रेघ डोळ्याच्या पातळीत कशी वाचायची, ते दोनदा दाखवले. उघड्या समुद्राचे वाचन माझ्याकडे नाही. निघताना तिने ते यंत्र खणात गुंडाळून पिशवीत ठेवले. नीट ठेवले.

संध्याकाळी रिकामी काचपेटी आतून बाहेरून घासली.

४ डिसेंबर

आज आल्या. चेहरे उन्हाने काळवंडलेले. ठकुबाई दारातूनच सांगू लागली, "मास्तर, त्यो लई मोठ्ठा हाय वो! आन सारका येतोय, सारका जातोय. कुनी काय म्हनत न्हाई त्येला." अंबूकाकू बोलतच नव्हत्या. असे पूर्वी कधी झालेले नाही.

बरण्या उचलून पाहिल्या. हलक्या.

"पाणी?"

"राहिलं," सौदामिनी म्हणाली. "बघत बसलो. मग ओहोटी लागली."

"आणि लॅक्टोमीटर?"

"पाण्यात सोडला. उभा राहिला अगदी, तुम्ही दाखवलात तसा. रेघ बघायला वाकले, तोवर एक लाट आली आणि तो गेला. बराच वेळ दिसत होता हो. छान तरंगत होता."

मी रागावणार होतो. पण ती हे सांगताना हसत होती, आणि तसे हसू मी शेवटचे केव्हा पाहिले ते तारखेनिशी सांगता येईना. माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.

तिने लुगडे बदलून दांडीवर टाकले. ठकुबाई धुवायला मागत होती. आज नको, म्हणाली. काठाला पांढरी रेघ धरली होती. घरात कोणी नाही असे पाहून मी ती रेघ बोटावर घेऊन चाखली. खारट. प्रमाण नोंदवता येत नाही.

रात्री जेवताना म्हणालो, "पुढच्या वेळी मलाही नेशील का?"

हे वाक्य मी दुपारपासून जुळवत होतो. तिने माझ्या पानात आमटी वाढली, पळी भांड्यात ठेवली, झाकण घातले.

"सुट्टीत बघू," ती म्हणाली.